नाव जुळतंय का?

माझ्या आजीचा वाढदिवस १ जून. तिच्या धाकट्या बहिणीचा १ जून. आमच्या खालच्या मजल्यावरच्या तात्यांचाही १ जूनच. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांना यात काही नवल वाटणार नाही. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची जन्मतारीख कुणाला आठवत नसली की मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर वर्षी त्यावरून तेच ते विनोद फिरतात.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसात माझ्या नावावर एक टिकीट पडलं, तोवर मलाही तो विनोदच वाटायचा.

मी पुण्यात डेटा इंजिनिअर आहे. माझं काम सांगायला लागले की लोक फोन बघायला लागतात, म्हणून थोडक्यात सांगते. एकाच माणसाच्या यादीत दोन-तीन नोंदी झालेल्या असतात, त्या शोधून त्यांची एक करायची. 'सुनीता' आणि 'सुनिता' एकच का, 'बाळू' म्हणजेच 'बाळकृष्ण' का, असं. प्रोग्रॅम दोन नोंदींची तुलना करून गुण देतो आणि गुण ठरावीक आकड्याच्या वर गेले की नोंदी आपोआप एक होतात. तो आकडा किती ठेवायचा हे मी ठरवलं होतं. यादी होती दरमहा पेन्शन मिळणाऱ्यांची.

त्या यादीत दोन बायका होत्या. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच, तालुका तोच. जन्मतारीख दोघींची १ जून, सालही एकच. गावं वेगळी होती, पण गावाच्या कॉलमला मी वजन कमी दिलं होतं, कारण गावांची नावं लोक वाट्टेल तशी लिहितात. प्रोग्रॅमने दोघींची एक बाई केली.

चार महिने एकीचे पैसे आले नाहीत. ती चार वेळा एसटीने तालुक्याला येऊन गेली, हे टिकिटावर लिहिलं होतं. म्हणजे कुणा क्लार्कला हे लिहून ठेवावंसं वाटलं होतं. चौथ्या खेपेला तिला सांगण्यात आलं, की आजी, तुमचं नाव दुसऱ्या नावात गेलंय. दुरुस्तीला मला वीस मिनिटं लागली. मीटिंगमध्ये कुणी रागावलं नाही. एवढ्या मोठ्या यादीत एक चूक म्हणजे उत्तमच निकाल, असं ठरलं. आकड्यांच्या हिशोबाने ते खरंही होतं.

पण माझं काही लक्ष लागेना. पुढचे कित्येक दिवस रात्री मी नावं जुळवण्यावर जे मिळेल ते वाचत बसले. बहुतेक सगळं बँका, दवाखाने, जनगणना यांबद्दल होतं. असंच एक लिंकमधून दुसरीत जाता जाता मी चाड या देशाच्या तुरुंगात पोचले.

चाड लिबियाच्या खाली आहे. ७ जून १९८२ ते १ डिसेंबर १९९० तिथे हिसेन हाब्रे नावाचा हुकूमशहा होता. गद्दाफीला अडवायला बरा, म्हणून अमेरिका आणि फ्रान्स त्याच्या पाठीशी उभे राहिले. १९८७ मध्ये रेगनने त्याला व्हाइट हाऊसमध्ये बोलावलंही होतं. त्याच्या राजकीय पोलिसांच्या खात्याचं नाव 'दस्तऐवज आणि सुरक्षा संचालनालय', फ्रेंच आद्याक्षरांनी डीडीएस. राजधानी एन्जामेनात फ्रेंचांच्या काळातला एक पोहण्याचा तलाव होता. डीडीएसने त्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकला आणि आत कोठड्या पाडल्या. लोक त्या तुरुंगाला 'पिसीन' म्हणत, म्हणजे स्विमिंग पूलच.

सुलेमान गेंगेंग हा हिशेबनीस. चाड सरोवराच्या खोऱ्याचं काम बघणाऱ्या आयोगात नोकरीला होता. १९८८ मध्ये विरोधकांना मदत केल्याचा आरोप ठेवून त्याला उचललं आणि दोन वर्षांहून जास्त काळ वेगवेगळ्या तुरुंगांत ठेवलं. बरोबरची माणसं मरताना त्याने पाहिली. जिवंत बाहेर पडलो तर यांना कोर्टात उभं करीन, अशी शपथ त्याने आतच घेतली होती. हाब्रे सेनेगलला पळाला, तुरुंगाची दारं उघडली, गेंगेंग बाहेर आला. आणि मग त्याने काय केलं, तर हिशेबनीस जे करेल तेच. तो फॉर्म भरायला लागला. वाचलेल्यांकडे, विधवांकडे जाऊन नाव, केव्हा नेलं, कुठे ठेवलं, काय केलं, हे लिहून घ्यायचं. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी अशा ७९२ जणांच्या कहाण्या गोळा केल्या.

त्यांचा लगेच काही उपयोग झाला नाही. हाब्रेला हटवणारा इद्रिस देबी हा आधी त्याचाच सेनापती होता, आणि डीडीएसमधले बरेच जण नव्या राजवटीतही खुर्च्यांवर होते. धमक्या आल्या. गेंगेंगने कागद घरी लपवून ठेवले आणि वर्षानुवर्षं ते तसेच राहिले. या माणसाबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त हीच वर्षं जाणवली. कोर्ट नाही, वकील नाही, आणि घरात ७९२ फॉर्म.

मे २००१ मध्ये 'ह्यूमन राइट्स वॉच'चा वकील रीड ब्रॉडी आणि त्याचा सहकारी डीडीएसच्या ओस पडलेल्या मुख्यालयात शिरले. जमिनीवर कागदांचा खच पडला होता. कैद्यांच्या रोजच्या याद्या, चौकशीचे अहवाल, हेरांचे अहवाल, मृत्यूच्या नोंदी. मला आधी कळेचना, की माणसं मारायची तर लिहून कशाला ठेवायचं? मग स्वतःच्या ऑफिसचा विचार केला. वरच्याला रोज स्टेटस जायला हवं म्हणून लिहायचं. कोठडीत काल किती, आज किती, कमी का झाले. कुठल्याही रिपोर्टिंगसारखंच.

हे कागद पुढे डेटाबेसमध्ये आले. ते काम ज्या गटाने केलं तो मानवी हक्कांच्या खटल्यांसाठी आकडेशास्त्र वापरतो, आणि त्यांची डोकेदुखी वाचताना मला हसावं की रडावं कळेना, कारण ती माझीच होती. चाडमध्ये महामत हे नाव आपल्याकडच्या संतोषइतकं सर्रास. अरबी नावं फ्रेंच कारकुनी स्पेलिंगात लिहिलेली. खुद्द हुकूमशहाचं नावही कुठे हिसेन, कुठे हिसेइन. एक महामत तीन याद्यांत दिसतो तेव्हा तो एक माणूस की तिघे? दोन वेगळ्या माणसांना एक केलं तर एक मृत्यू पुसला जातो. एका माणसाचे दोन केले तर बचावाचा वकील कोर्टात उभा राहून म्हणणार, बघा, हे आकडे फुगवतात. माझ्या कामात दोन्ही चुकांना सारखेच गुण कापले जातात. तिथे तसं नव्हतं.

त्या कागदांतून १२,३२१ पीडितांची नावं निघाली. त्यांतले १,२०८ मेलेले, मारलेले किंवा कोठडीत संपलेले. रोजच्या याद्यांमुळे कोणत्या दिवशी आत किती माणसं होती हेही मोजता आलं, आणि त्यावरून तुरुंगातला मृत्युदर काढता आला. बाहेरच्या पुरुषांच्या मानाने तो कितीतरी पट जास्त होता. त्यामुळे 'गरीब देश आहे, माणसं मरतातच' हे म्हणण्याची सोय राहिली नाही.

इथे एक अडचण आहे, ती लपवून पुढे जाणं बरं नाही. चाडच्या चौकशी आयोगाने १९९२ मध्ये बळींचा आकडा सुमारे ४०,००० दिला होता. तो अंदाज होता. हाती लागलेली नावं ही खऱ्या संख्येचा छोटा हिस्सा आहे असं धरून केलेला. बातम्यांत आजही हाच आकडा येतो. मला तो आवडत नाही. खोटा आहे म्हणून नाही, तर त्यातल्या बहुतेकांना नाव नाही म्हणून. १,२०८ हा आकडा छोटा आहे, पण त्यातल्या प्रत्येकासमोर एक कागद आहे.

हाब्रेचं म्हणणं होतं, मला काय माहीत, खालचे लोक करत होते. कागदांत डीडीएसकडून थेट त्याला गेलेले १,२६५ संदेश सापडले, ८९८ कैद्यांबद्दलचे. आणि एक पत्र. रेडक्रॉसने काही आजारी युद्धकैद्यांना दवाखान्यात हलवू द्या अशी विनंती केली होती. त्यावर हाताने शेरा होता, की यापुढे कुठलाही युद्धकैदी मेल्याशिवाय तुरुंगाबाहेर जाणार नाही. खटल्यात हस्ताक्षरतज्ज्ञाने ते अक्षर हाब्रेचं असल्याचं सांगितलं.

तो खटला उभा राहायला लागलेला वेळ बघा. पीडितांनी डाकारच्या कोर्टात तक्रार केली जानेवारी २००० मध्ये. सेनेगलच्या कोर्टांनी ती झटकली. मग बेल्जियममध्ये दाद मागितली. २००१ मध्ये एन्जामेनात निदर्शनांच्या वेळी पोलिसांनी फेकलेल्या हातबॉम्बने पीडितांची वकील जॅकलीन मूदेना हिचा पाय जखमी झाला. तिने वकीलपत्र सोडलं नाही. गेंगेंगला देश सोडावा लागला. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सेनेगलला सांगितलं, एकतर खटला चालवा नाहीतर बेल्जियमच्या ताब्यात द्या. त्यानंतर आफ्रिकन युनियनच्या पाठिंब्याने डाकारमध्ये खास न्यायालय झालं. जुलै २०१५ मध्ये सुनावणी सुरू झाली. हाब्रे पांढऱ्या फेट्यात, काळ्या चष्म्यात गप्प बसून राहायचा. नव्वदहून जास्त साक्षी झाल्या. गेंगेंग बोलला. तुरुंगातल्या बायका तिथल्या बलात्कारांबद्दल बोलल्या, काही जणी पहिल्यांदाच. क्लेमाँ आबाइफूता बोलला, ज्याला कैदी असताना मेलेल्या कैद्यांना पुरायच्या कामाला लावलं होतं. आणि अमेरिकेतून आलेला आकडेतज्ज्ञ पॅट्रिक बॉल मृत्युदरांबद्दल बोलला. ३० मे २०१६ रोजी जन्मठेप झाली. २०१७ च्या अपिलात ती कायम राहिली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये हाब्रे कोविडने मेला, कैदी म्हणूनच.

बहुतेक लेख इथे संपतात. मला मात्र अपिलाचा निकाल वाचताना पुढच्या एका ओळीवर अडकायला झालं. कोर्टाने ७,३९६ जणांना भरपाई मंजूर केली. कोठडी आणि छळ सोसलेल्यांना प्रत्येकी दीड कोटी सीएफए फ्रँक, आपले वीस लाख रुपये धरा. आणि आणखी ३,४८९ जण? त्यांच्या ओळखीचा पुरेसा पुरावा नव्हता. त्यांनी पुढे निधीकडे अर्ज करावा.

ओळखीचा पुरावा म्हणजे नाव जुळतंय का, जन्मसाल जुळतंय का, हेच. १९८५ साली मध्यरात्री ज्याला उचललं त्याने २०१७ साली सिद्ध करायचं, की कागदावरचा तो महामत मीच.

पैसे तरीही आले नाहीत. वाट बघता बघता कितीतरी जण गेले. शेवटी २०२४ मध्ये चाड सरकारने १० अब्ज फ्रँक वाटले, दहा हजारांहून जास्त लोकांत, प्रत्येकी ९,२५,०००. म्हणजे साधारण सव्वा लाख रुपये. मंजूर झालेल्या दीड कोटीतले सहा टक्के.

त्या पेन्शनवाल्या बाईंचा नंबर नोंदीत होता. मी फोन करायचा म्हणून दोनदा काढला आणि दोनदा ठेवून दिला. काय सांगणार होते? तुमचं नाव मी हरवलं होतं?

चार महिने मागे लागून एक नियम मात्र करून घेतला. जन्मतारीख १ जून किंवा १ जानेवारी असली तर प्रोग्रॅमने काही एक करायचं नाही, जोडी माणसासमोर यायला हवी. मॅनेजरचं म्हणणं, यात वेळ जातो. जातोच. आज सकाळी माझ्या रांगेत ३१२ जोड्या होत्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ४१ झाल्या. त्यांतल्या सहा जोड्यांत माणसं वेगळी निघाली.