गडाखालचं कॉलेज

रामटेकला कला शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींचा दिवस कॉलेजच्या वेळापत्रकावर कमी आणि एस.टी.च्या वेळेवर जास्त चालतो. देवलापार-पवनीकडची मुलं सकाळच्या गाडीनं येतात, मनसरची हायवेवर मिळेल ते वाहन धरतात, नगरधन-काचुरवाहीची सायकलनं नाहीतर ऑटोत दाटीवाटीनं बसून. शेवटच्या तासाला सरांचा शेवटचा मुद्दा चाललेला असतो आणि मागच्या बाकावरून दबका आवाज येतो, "चाल न बे, गाडी निघून जाईन." ती गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसून राहायचं. मीही त्यातलाच एक होतो. तास सुटल्यापासून गाडी लागेपर्यंतचा जो वेळ, त्यात मी माणसं ओळखायला शिकलो. तर्री घातलेला आलूबोंडा, एका पेपराची चौघांनी वाटून घेतलेली पानं, कुणाच्या तरी वहीतून उतरवून घेतलेल्या नोट्स, आणि वर मान केली की गडमंदिर.

या मुलांनी बी.ए. का घेतलं, हे त्यांना कुणी फारसं विचारत नाही. रामटेकला 1985पासून इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, 1997 साली कवी कालिदासाच्या नावानं संस्कृत विद्यापीठ झालं. तरी इथल्या शेतकऱ्याच्या, खाणकामगाराच्या, ढिवराच्या घरातलं पोर बहुतेक वेळा गावातल्या कला महाविद्यालयातच येतं. नागपूरला खोली करून राहायला पैसे नसतात. मुलीला रामटेकपर्यंत धाडायला घरचे तयार होतात, त्यापुढे होत नाहीत. आणि बी.ए. केलं की रोवणीच्या दिवसांत चिखलात उतरता येतं, पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावता येतं, दुपारी अभ्यासिकेत एमपीएससीचं पुस्तक उघडता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग निम्मा रिकामा दिसला, की बाहेरच्या माणसाला वाटतं मुलं टवाळ आहेत. ती शेतात पऱ्हे उपटत असतात.

माझा एक मित्र शिंगाड्याच्या दिवसांत हमखास गैरहजर असायचा. रामटेकच्या आसपास तळीच तळी, आणि त्यांत शिंगाड्याचे वेल. पहाटे तो वडिलांबरोबर पाण्यात उतरायचा, वेल उचलून खालची फळं खुडायचा. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत त्या शिंगाड्यांचे ढीग लागत. नंतर वर्गात यायचा तेव्हा त्याच्या बोटांची पेरं काळवंडलेली असत आणि काट्यांनी इतकी सोललेली, की पेन धरताना त्याला तर्जनी वर ठेवावी लागे. त्याचं अक्षर त्या दिवसांत वाकडं यायचं. मराठीच्या मॅडमना हे ठाऊक होतं. त्या महिन्यात त्या त्याला फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावत नसत, तोंडी विचारत. लहान कॉलेजचं मोठेपण मला या एका गोष्टीत दिसतं. शेकडो मुलांच्या वर्गात कुणाची बोटं कुणाला दिसणार?

आणखी एक गोष्ट आमच्याकडे होती, जिची किंमत मला फार उशिरा कळली. आमच्या स्टाफरूममध्ये एकच लांब टेबल होतं. इतिहासाचे सर, मराठीच्या मॅडम, राज्यशास्त्राचे सर, सगळे त्याच टेबलाशी डबा खायचे. अभ्यासक्रमात विषयांच्या भिंती होत्या, त्या टेबलावर नव्हत्या.

इतिहासाच्या पेपरात आम्हाला वाकाटक होते. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. ती वाकाटकांच्या घरी आली, नवरा रुद्रसेन लवकर गेला आणि मुलं लहान म्हणून राज्यकारभार तिनं चालवला. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडला. तो दिला गेला रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून, म्हणजे आमच्या डोक्यावरच्या या टेकडीवरून. मराठीच्या पेपरात चक्रधरस्वामी होते, म्हाइंभटांचं लीळाचरित्र होतं. महानुभाव परंपरा सांगते, की गुजरातचा हरपाळदेव घरून निघाला तो रामटेकच्या यात्रेला म्हणून, आणि वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले. पुढे तोच चक्रधर झाला. आज गडावर भोगरामाच्या दर्शनाला महानुभाव भाविक येतात ते त्याच नात्यानं.

म्हणजे दोन वेगळ्या पेपरांत, दोन वेगळ्या गाइडांत, जवळजवळ आठशे वर्षांच्या अंतरानं, तीच दोन गावं: रामटेक आणि रिद्धपूर. आम्ही दोन्ही पेपर पाठ केले होते आणि हे आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. ते आलं डबा खाताना सरांच्या आणि मॅडमच्या. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून वर्गावर आले. सर बोलले, मॅडम बोलल्या, मग दोघं एकमेकांशी बोलू लागले आणि आम्ही ऐकत राहिलो. घंटा झाली तरी कुणी खिडकीबाहेर पाहिलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की पुस्तकात लिहिलेलं ते आपल्याबद्दल आहे.

त्याच आठवड्यात ते आम्हाला गडावर घेऊन गेले. आम्ही लहानपणापासून गडावर जात आलेलो. यात्रेला, नवस फेडायला, घरी पाहुणे आले की त्यांना दाखवायला. वानरांपासून पिशवी कशी सांभाळायची हे प्रत्येकाला येत होतं. पण केवल नरसिंहाच्या देवळात शिरून भिंतीकडे पाहिलेलं कुणी नव्हतं. सगळे हात जोडायचे ते समोरच्या मूर्तीला. सरांनी ब्याटरी भिंतीवर तिरपी धरली. सरळ उजेडात जिथं नुसता दगड दिसत होता, तिथं ओळी उमटल्या. भिंतीवरचे चुन्याचे थर काढल्यावर हा लेख उजेडात आला, तो बराच खराब झालेला आहे. कुठं अर्धी ओळ गेलेली, कुठं नुसती अक्षरांची डोकी उरलेली. सर ब्राह्मी वाचू शकत नव्हते, तसं त्यांनी आधीच सांगितलं. पण अभ्यासकांनी जे वाचलं आहे ते त्यांनी सांगितलं: हे देऊळ प्रभावतीच्या मुलीनं आईच्या पुण्यासाठी बांधलं.

आमच्यात देवलापारकडची एक मुलगी होती. ती सहसा बोलत नसे. तिनं विचारलं, "सर, पोरीनं मायसाठी बांधलं?" सर हो म्हणाले. ती पुन्हा म्हणाली, "पोरीनंच न?" मग ती भिंतीजवळ गेली आणि अक्षरांना हात न लावता, बोटभर अंतर ठेवून, एका ओळीवरून हात फिरवत गेली. घरातली शिकणारी ती पहिली मुलगी होती. तिची आई रोवणीच्या मजुरीवर तिच्या पासाचे पैसे भरायची. परीक्षेत वाकाटकांवर प्रश्न आला तेव्हा तिनं काय लिहिलं मला माहीत नाही. पण तिला त्या भिंतीपुढे जे मिळालं, ते गुणपत्रिकेत मावणारं नव्हतं.

कालिदासाचा यक्ष याच टेकडीवर राहिला, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी पुराव्यानिशी मांडलं. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत. विदर्भातल्या ताम्रपटांची आणि शिलालेखांची त्यांनी जी नोंद केली, तिच्यावरच पुढचे सगळे उभे आहेत. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की एका कॉलेजातल्या मास्तरानं आपल्या पायाखालची जमीन वाचली. ऑक्सफर्डची वाट पाहिली नाही. नगरधनला डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं अलीकडे उत्खनन केलं, त्यात प्रभावतीच्या नावाची मातीची मुद्रा निघाली. लंबगोल, जेमतेम सहा ग्रॅम वजनाची, वर तिचं नाव आणि शंख. मनसरला 1972 साली सापडलेली शिवाची देखणी मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आणि याच नगरधनचा मुलगा अभ्यासिकेत बसून पाठ करतो: वाकाटकांची राजधानी कोणती, पर्याय चार. उत्तर त्याच्या घराचा पत्ता आहे, पण त्याला ते एका गुणापुरतं भेटतं.

याचा मला राग येतो. मुलांवर नाही. स्पर्धा परीक्षा ही त्यांची गरज आहे. वर्दी मिळाली तर घर उभं राहतं, हे मी मित्रांच्या घरी पाहिलं आहे. राग येतो तो या समजुतीचा, की गरिबाच्या पोराला गाइड पुरे आणि जमीन वाचण्याची चैन दुसऱ्यांसाठी. आज मोठ्या शहरांतली नवी खाजगी विद्यापीठं लाखो रुपये फी घेऊन काय देतात? लहान वर्ग, नावानं हाक मारणारा शिक्षक, एका विषयातून दुसऱ्या विषयात जायची मुभा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही आता हेच मागतं आहे, क्रेडिटच्या भाषेत. लहान वर्ग आणि ओळखणारा शिक्षक आमच्याकडे होता. विषयांमधली वाट त्या एका टेबलावर, डब्याच्या सुट्टीत, होती. नव्हती ती ग्रंथालयातली पुस्तकं, फिरायला गाडी, आणि वर्षातून चार दिवस वर्गाबाहेर काढायची परवानगी. हे काही अशक्य नाही. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, पाठ्यपुस्तक उघडायच्या आधी, पहिल्या वर्षाच्या मुलांना एक दिवस गडावर, एक दिवस नगरधनला, एक दिवस मनसरला न्यायला हवं. इतिहासवाल्यांना, मराठीवाल्यांना, समाजशास्त्रवाल्यांना एकत्र. ढिवराच्या मुलानं तळ्यांची नावं सांगावीत, खाणकामगाराच्या मुलीनं मनसरच्या मँगनीजबद्दल बोलावं, शिक्षकांनी ऐकावं.

शिंगाडेवाल्या माझ्या मित्राची मुलगी यंदा रामटेकलाच बी.ए.ला आहे. मागच्या वेळी गेलो तेव्हा तिला मिराशींचं 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' नेऊन दिलं. जड पुस्तक आहे, मला वाटलं ठेवून देईल. परवा तिचा फोन आला. रिद्धपूरच्या ताम्रपटापर्यंत ती पोचली आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला मैत्रिणींबरोबर रिद्धपूर पाहायचं आहे. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालंय, तेही पाहायचंय म्हणाली. नागपूरहून अमरावती, तिथून पुढे मोर्शीकडची गाडी, असं तिनं सगळं काढून ठेवलं होतं. आई म्हणते, मॅडम सोबत असतील तरच जा. मॅडमनी होकार दिला आहे.