कलरचं बिल कोणाच्या नावावर?

एका पतसंस्थेतलं छपाई-झेरॉक्सचं मशीन भाड्याचं आहे. दर महिन्याला मशीनवाला मीटर वाचून बिल लावतो आणि त्यात दोन आकडे असतात, काळी पानं आणि कलर पानं. काळ्याचा दर पैशांत, कलरचा रुपयांत. जूनच्या बिलात कलरचा आकडा एवढा फुगला की मॅनेजरसाहेब बिल हातात धरूनच वसुलीच्या टेबलापाशी आले आणि काउंटरवर खातेदार उभे असताना म्हणाले, "मॅडम, मुलांचे प्रोजेक्ट जरा घरी छापत चला."

पुरावा एवढाच, की मॅडमचं टेबल मशीनला लागून आहे.

प्रस्तुत लेखक त्याच पतसंस्थेत हिशेब बघतो. ते वाक्य त्याला आजही पचलेलं नाही. मॅडम तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून मुलाच्या शाळेचं साधं पत्रसुद्धा त्या बाहेर दोन रुपये देऊन झेरॉक्स करून आणू लागल्या. शिपायाने हे पाहिलं, कॅशियरने पाहिलं. साहेबांनी नाही पाहिलं, किंवा पाहूनही त्यांना त्यात आपला विजय दिसला असेल.

खरं म्हणजे चोर शोधायला पाच मिनिटं पुरली असती. हल्लीच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये जॉब लॉग असतो. कोणाच्या लॉगिनवरून, कोणती फाइल, किती वाजता, किती पानं, त्यातली कलर किती, सगळं तिथे नोंदलेलं असतं. ही नोंद किती बोलकी असते ते अमेरिकेत २०१७ साली दिसलं. रिअ‍ॅलिटी विनर या कंत्राटी कर्मचारी बाईंनी एक गुप्त सरकारी अहवाल फोडला, तेव्हा तो अहवाल कोणी कोणी छापला याच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि सहा नावं निघाली, त्यात त्यांचं एक. छापून आलेल्या त्या पानांवर बारीक पिवळे ठिपकेही होते. कित्येक कलर लेझर मशीन असे ठिपके गुपचूप उमटवतात, त्यांत मशीनचा नंबर आणि छपाईची वेळ दडलेली असते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २००५ मध्येच एका मशीनच्या ठिपक्यांची लिपी उलगडून दाखवली होती. तिथे देशाची गुपितं, इथे थकबाकीच्या नोटिसा. पण यंत्राला तो फरक कुठे कळतो?

लॉग शेवटी उघडला तो प्रस्तुत लेखकानेच, जेवणाच्या सुट्टीत. गंमत अशी की नुसती माणसांची नावं बघितली असती तर मॅडमच अडकल्या असत्या, कारण कलर पानांच्या रांगेत त्यांचंच नाव पुन्हा पुन्हा येत होतं. फाइलींची नावं वाचली तेव्हा उलगडा झाला. सगळ्या थकबाकीच्या नोटिसा. पूर्वी संस्थेचं लेटरहेड प्रेसमधून छापून यायचं. खर्च वाचवायचा म्हणून साहेबांनीच ते वर्डमध्ये बसवून घेतलं होतं. वर कोपऱ्यात अंगठ्याएवढं हिरवं बोधचिन्ह, खाली निळ्या अक्षरांत अधोरेखित ईमेल. बाकी पान काळंभोर. पण मशीन 'ऑटो कलर'वर असलं की पानावर रंगाचा ठिपका सापडायचा अवकाश, ते पान कलर मीटरवर चढतं. संस्थेच्या करारात अंगठ्याएवढ्या बोधचिन्हाला आणि पानभर फोटोला दर एकच.

हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन करून सगळ्यांचं कलर बंद करायला लावलं. मॅडमना कोणी काही बोललं नाही. चुकीचा आरोप काउंटरसमोर करायचा आणि खुलासा केबिनमध्ये ऐकून घ्यायचा, ही पद्धत सहकारात तरी नवी नाही.

सप्टेंबर आला. ३१ मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. त्याआधी संचालक मंडळासमोर अहवाल आणि थकबाकीची यादी जाते. यादीत थकलेली खाती लाल, नियमित झालेली हिरवी. आता कलर हवं होतं, आणि ते काही केल्या येईना. साहेबांनी स्वतः आपल्या कॉम्प्युटरवर कलरला टिक मारली, त्यांची पानं रंगीत आली, मॅडमची काळीच. कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणाला, मशीनचा प्रॉब्लेम. मशीनवाला आला. सोनाराच्या दुकानाचं लक्ष्मीचं कॅलेंडर त्याने भिंतीवरून उतरवलं, काचेवर पालथं घातलं आणि कॉपी काढली. लाल साडी, गुलाबी कमळ, सगळं झकास. रविवर्मांच्या छापखान्यात असल्या लक्ष्मीसाठी एकेका रंगाचा वेगळा दगड तयार करावा लागे; इथे चार टोनरांनी ते काम क्षणात उरकलं. "मशीन ओके. तुमच्या फाइलचा प्रॉब्लेम," असं म्हणून सही घेऊन तो गेला.

खरी मजा पुढेच आहे. कारण काळी पानं दोन जातींची निघत होती आणि ते कोणाच्या ध्यानात येत नव्हतं.

डीटीपीवाल्याने पाठवलेली अहवालाची पीडीएफ राखाडी येत होती. वर्तुळाच्या आलेखातला लाल तुकडा आणि गडद हिरवा तुकडा अगदी एकसारखे. राखाडी करताना लालाला सुमारे ३० टक्के वजन मिळतं, हिरव्याला ५९, निळ्याला ११. शून्य ते २५५ च्या मापावर शुद्ध लाल उतरतो ७६ वर आणि १२८ चा गडद हिरवा ७५ वर. म्हणजे थकलेलं आणि वसूल झालेलं कागदावर एकच! दोष ड्रायव्हरचा होता. विंडोजमध्ये 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' त्या त्या लॉगिनपुरत्या असतात, तर 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये दडलेले 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' सगळ्यांना लागतात. कॉम्प्युटरवाल्याने दुसऱ्या ठिकाणी 'ग्रेस्केल' लावलं होतं; साहेबांनी पहिल्या ठिकाणी, फक्त स्वतःपुरतं, कलर चालू केलं. त्यात मॅडमच्या कॉम्प्युटरवर त्याच मशीनचे तीन आयकॉन, एकापुढे 'कॉपी १'. कोणता जिवंत आणि कोणता मेलेला, हे नावावरून ओळखणं अशक्य.

डिफॉल्ट बदललं, पीडीएफ रंगीत आली. एक्सेलची यादी मात्र तरीही काळी. पण ती राखाडी नव्हती. लाल अक्षरं ठसठशीत काळी, आणि रकान्यांच्या मागचा फिकट पिवळा रंग साफ गायब, पांढरा. ड्रायव्हर राखाडी करतो तेव्हा पिवळ्याचीही फिकट छटा उरते. इथे काहीच उरलं नव्हतं. याचा अर्थ रंग एक्सेलमध्येच अडत होता. पेज लेआउट, पेज सेटअप, 'शीट'चा टॅब, आणि तिथे 'ब्लॅक अँड व्हाइट'पुढे टिक. ही टिक कॉम्प्युटरवर नाही, फाइलीत राहते, तीही प्रत्येक शीटवर वेगळी. शीटची कॉपी केली की तिच्याबरोबर जाते. दर वर्षी 'सेव्ह अ‍ॅज' करून नवी यादी बनत आली आणि टिक वारसाहक्काने पुढे सरकत राहिली.

लावली असणार ती निवृत्त झालेल्या एका क्लार्कने. तेव्हा संस्थेत साधा काळा लेझर होता, त्यावर पिवळे रकाने मळकट डागांसारखे उमटायचे आणि आकडे वाचता यायचे नाहीत. त्या परिस्थितीत त्याने अगदी शहाणपणाचं काम केलं होतं.

कोणाच्या ऑफिसात हे घडलं तर आधी काचेवरून कलर कॉपी काढावी. ती आली तर मशीन सोडून द्यावं. मग आलेलं पान राखाडी आहे की नुसतं काळं-पांढरं, ते उजेडात धरून बघावं. पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत 'ग्रेस्केल'चा वेगळा चौकोन असतो, तोही तपासावा. ब्राउझर तर मागच्या वेळची निवड धरून बसतो. फोन त्यानंतर करावा.

आणि कलर बंद करणं हा निर्णय? प्रस्तुत लेखक तेव्हा त्यावर भडकला होता. आज त्याचं मत विचाराल तर डिफॉल्ट काळंच असावं आणि कलर मागून घ्यावं, म्हणजे साहेबांनी केलं होतं तेच. आता प्रत्येक कॉम्प्युटरवर दोनच आयकॉन आहेत, 'काळा' आणि 'कलर'. नोटिसांवरचं बोधचिन्ह काळं झालं, कलरचं बिल उतरलं, आणि मासिक सभेत साहेबांनी त्याचं श्रेय कडक शिस्तीला दिलं. इतिवृत्तात तशी नोंद आहे. मॅडमनी ते इतिवृत्त टाइप केलं आणि 'काळा'वर प्रिंट मारली.