कागद मागा, वहिनी

ती. वहिनी,

पंधरवड्यात पोराला जामीन करून देतो, फक्त शेत गहाण टाका, असं सांगणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. मोक्क्यात, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. सरकारी वकिलानं विरोध केला, की आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी न्यायाधीशांना पटाव्या लागतात. दोषी नाही हे जामिनाच्या वेळीच पूर्ण सिद्ध करायचं, असा मात्र त्याचा अर्थ नाही. तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात मुंबईचे माजी पोलीस आयुक्त रणजितसिंह शर्मा यांना 2005 साली जामीन देताना सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. तो निकाल आपल्या वकिलांनी हाताशी ठेवावा.

पण जामिनाआधी एक लढाई आहे: हा कायदा आपल्या पोराला लागतो का? टोळीवर मागच्या 10 वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं असावी लागतात, तीही 3 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांची आणि न्यायालयानं दखल घेतलेली. ‘माझ्या लेकरावर आधी एकही केस नाही’ असं तुम्ही लिहिलंत. ते खरं असलं तरी तेवढ्यानं भागत नाही, कारण ही आरोपपत्रं टोळीची मोजतात, एकेका माणसाची नाही. म्हणून आपला सगळा जोर एकाच प्रश्नावर हवा: तो टोळीत होता का? की भाड्याची गाडी चालवताना टोळीतली माणसं त्याच्या गाडीत बसली, एवढंच?

मग परवानगीचे कागद. उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेशिवाय मोक्क्याखाली गुन्हा नोंदवता येत नाही, आणि अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. दोन्ही आदेशांच्या नकला मागा. त्यांत पोराची नेमकी भूमिका लिहिली आहे, की नुसतं टोळीप्रमुखाच्या नावाखाली त्याचं नाव जोडलंय, ते ओळ न् ओळ वाचलं पाहिजे.

एरवी पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. इथे अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला चालतो, आणि सोबतच्या आरोपींविरुद्धही वापरता येतो. भेटीत त्याला बजावून सांगा: बोलायची सक्ती नाही. मारहाण झाली असेल, तर दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केल्यावर तिथेच तोंड उघडायचं, म्हणजे वैद्यकीय तपासणी करावी लागते.

आरोपपत्राची मुदत 90 दिवसांची. ती 180 पर्यंत वाढते, पण सरकारी वकिलाच्या अहवालावर आणि कारणं दाखवूनच. मुदत संपली, आरोपपत्रही नाही आणि वाढही नाही, तर त्याच दिवशी जामिनाचा अर्ज पडायला हवा. उशीर झाला आणि मध्येच आरोपपत्र आलं, तर हा हक्क हातचा जातो.

गावात लोक म्हणतील, हे गुंडांची बाजू घेताहेत. म्हणू देत. 1997 मध्ये गुलशन कुमार यांना मुंबईत भर दिवसा मारलं गेलं. अशा टोळ्यांसाठीच 1999 चा हा कायदा आला, आणि खंडणीला भिऊन जगणाऱ्या दुकानदारासाठी तो हवाच आहे, असं मी आजही मानतो. पण ज्या आरोपाला किमान 5 वर्षांची शिक्षा आहे, तो सरकारनं काटेकोरपणेच सिद्ध केला पाहिजे. तेवढंच मागणं आपलं.

आता तुमचं काम. गाडीच्या भाड्याच्या पावत्या, बँकेचं पासबुक, ती माणसं गाडीत बसली त्या रात्रीची टोलची पावती, सगळं एका पिशवीत भरून ठेवा. पेट्रोल पंपावरचं कॅमेऱ्याचं चित्रण फार दिवस राहत नाही. ते राखून ठेवावं म्हणून वकिलांकरवी उद्याच अर्ज द्या.

तुमचा,
भाऊजी