चाकांखालची माती

शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा मागं राहतो आणि जालना सुरू होतो. सोलापूर-धुळे महामार्गाच्या या टापूत जायकवाडीच्या कालव्याचं पाणी जिथं पोचलं, तिथं ऊस उभा राहिला. अंबड तालुक्यातलं अंकुशनगर हे या उसाचंच गाव. कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती ते वसलं आणि कारखाना ज्यांच्या नावाचा, त्यांचंच नाव त्यानं घेतलं.

अशा मुलखात जमिनीचा एखादा तुकडा घ्यावा, हिवाळ्यात आपलं चाकांवरचं घर तिथं आणून उभं करावं, उन्हं तापली की निघून जावं, असं मला फार वाटतं. बंगला नको, कुंपणाची भिंतही नको. सकाळी दार उघडल्यावर समोर तुरीचं शेत दिसावं आणि ‘गाडी इथून काढा’ असं कुणी म्हणू नये, एवढंच. फिरणाऱ्यालाही परत यायला एक ठरलेली जागा लागते. रस्त्यावर हजार मुक्काम केले, तरी त्यातला एकही आपला होत नाही.

पण जमीन नुसत्या इच्छेनं मिळत नाही. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आहे. जो शेतकरी नाही, त्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. सातबारा बघावा, फेरफार चाळावेत, मोजणी करून बांध पक्का करावा आणि सगळ्यात आधी गाडीवाट आहे का, ते विचारावं. कागदावर वाट नसेल, तर दुसऱ्याच्या बांधावरून मिळणारी वाट ही शेजाऱ्याची मर्जी असते. मर्जी फिरली की तहसीलच्या पायऱ्या. शेतजमिनीवर राहण्याचा पक्का थाट मांडायचा, तर अकृषिक परवानगीचा प्रश्न पुढं उभाच.

कायद्याहून जुना नियम काळ्या मातीचा. पावसात ती फुगते, चाकाला धरते आणि जड गाडी आसापर्यंत गिळते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम टाकून, दाबून जागा केली तरी खरा काळ दसऱ्यापासून होळीपर्यंतचाच. वाफसा येतो, जमीन घट्ट होते, रात्री गार पडतात. चाकांवरच्या घराला या मातीनं दिलेला हंगाम एवढाच.

आणि नेमका हाच उसाचा हंगाम. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गव्हाणीत मोळी पडते आणि साखरपट्ट्यात चाकांवरची घरं येऊ लागतात. बैलगाड्या येतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात. त्यांत पत्र्याची पेटी, पिठाचं पोतं, कोंबड्या, शेळी, झोळीतलं लेकरू. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता होतात. कुणाच्या तरी रानात, कारखान्याच्या जवळच्या माळावर बांबू वाकवून, वर ताडपत्री टाकून कोप उभी राहते. पहाटेच्या अंधारात बाया उठतात, कारण आडोसा फक्त अंधाराचाच असतो. पट्टा पडला की कोपी मोडतात, चुलीची तीन ढेकळं तेवढी मागं राहतात. पुढच्या साली हीच जागा मिळेल, याची हमी नाही. मला जी हौस आहे, ती यांची पिढ्यांची वहिवाट आहे. पण सातबाऱ्यावर तिची ओळ कधीच चढली नाही.

2021 साली महाराष्ट्रानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. घर घेऊन फिरणाऱ्याला उतरायला जागा हवी, तिथं पाणी, वीज, शौचालय हवं, हे शासनानं मान्य केलं. मला त्याचा आनंद आहे. त्याच साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना मंजूर झाली, याचा आनंद त्याहून मोठा. लेकरू शाळेजवळ राहिलं, तर कोयता त्याच्या हाती जाणार नाही. पण त्याच्या आईचं काय? ती सहा महिने ज्या मातीवर निजते, तिथं नळ आणि दार असलेलं शौचालय का नसावं? पर्यटकाच्या गाडीला जे किमान म्हणून आपण मोजतो, ते ऊसतोड टोळीच्या तळालाही लागतं. साखर खाणाऱ्या प्रत्येकावर हे देणं आहे.

म्हणून गावाकडं हंगामी मुक्कामाला जागा घेणाऱ्याला माझं सांगणं आहे: बोअर घेतलात, तर एक तोटी बांधाकडं काढा. शौचालय बांधलंत, तर आणखी एक बांधा. वाट शेजाऱ्याशी बोलून, मोजून, कागदावर आणा आणि ती टोळीच्या गाड्यांनाही मोकळी ठेवा. जमीन तुमच्या नावावर होईल, पण त्या शिवारात तुम्हीही हंगामापुरतेच आलेले असाल. तिथं आधीपासून हंगामाला येणाऱ्यांचा मान राखलात, तरच ती जागा तुमची म्हणायला शोभेल.