दोर, कासरा आणि नजर

"ताई, दगड! दगड पाहा!"

मी ओरडलो आणि पुढच्याच क्षणी ताईंच्या गाडीचं पुढचं चाक नेमकं त्या दगडावर चढलं. पांढुर्ण्यालगतच्या सावरगावच्या बाहेर, जाम नदीकडच्या पडीतात आमचं शिकणं चाललं होतं. एवढ्या मोकळ्या जागेत नारळाएवढा तो एकच दगड. त्याच्या डावीकडून चार बंड्या गेल्या असत्या, उजवीकडून चार. तरी गाडी गेली ती त्याच्याच अंगावर. वेग माणसाच्या चालण्याइतका होता म्हणून निभावलं. क्लचची दांडी वाकली, ताईंचं कोपर खरचटलं.

ताई आशा कार्यकर्त्या. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, यासाठी आसपासच्या खेड्यांत रोजची पायपीट. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं, "भाऊ, घरी गिअरवाली गाडी उभी आहे. मले तीच शिकाची आहे." त्या उठल्या, कमरेला बांधलेली ओढणी सोडून माती झटकली, पुन्हा बांधली आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच म्हणलं दगड पाहा. म्हून मी पाह्यला."

बोलण्यात तक्रार नव्हती. घडलं तेच त्यांनी सांगितलं होतं. पण त्या रात्री माझा डोळा लागला नाही. ताईंच्या हातानं चूक केलीच नव्हती. चूक माझ्या तोंडून झाली होती. मी शिकवू लागलो त्याला तेव्हा काही महिने झाले होते. मी शिकवायला शिकू लागलो ते त्या रात्रीपासून.

त्याआधी मी गॅरेजात होतो. आयटीआय केलं आणि बारा वर्षं गाड्या उघडल्या. मेकॅनिकला गाडीवरून माणूस कळतो. आमच्याकडच्या गाड्यांची चाकं काढली की एक गोष्ट हमखास दिसायची: मागच्या ब्रेकचे शू दोनदा-तीनदा बदललेले, आणि पुढचे कंपनीतून आले तसेच, कोरे. पाच वर्षं गाडी पळाली, पण पुढच्या ब्रेकला कुणी हात लावलेला नाही. ज्याला त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं, "पुढचा ब्रेक मारला का गाडी पलटी खाते." मग एखाद्या दिवशी तीच गाडी शॉकअप वाकलेली, हँडल तिरकं झालेलं अशी छोट्या ट्रकमधून यायची आणि चालवणारा पाय प्लास्टरमध्ये घेऊन घरी पडलेला असायचा. गाडी मी चार दिवसांत सरळ करून द्यायचो. ती वाकली का, हे मात्र कुणी विचारायचं नाही. तो प्रश्न माझ्याजवळ साचत गेला, आणि एक दिवस मी पाने खाली ठेवून शिकवायचं ठरवलं.

आपल्याकडे मोटारसायकल कुणी शिकत नाही, ती येते. मामाच्या, चुलतभावाच्या मागे बसून येते. संत्र्याच्या बागेतल्या वाटेवर, घरच्यांचा डोळा चुकवून येते. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा बारकाईनं अभ्यास करून हॅरी हर्ट यांनी १९८१ साली अहवाल दिला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक एक तर स्वतःच शिकलेले होते किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून. देश वेगळा, रस्ते वेगळे, पण मामा आणि चुलतभाऊ तिथेही तेच. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. हे आकडे वाचताना मला ते कोरे ब्रेक शू दिसतात.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्याकडे काय असावं, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या चोविसाव्या नियमात लिहिलेलं आहे. दहावी पास, गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव, मोटर मेकॅनिकचं प्रमाणपत्र, वाहतुकीच्या खुणांचं पक्कं ज्ञान. हे सगळं माझ्यापाशी होतं. आणखी एक अट आहे: इंग्रजी किंवा त्या भागाची भाषा पुरेशी यायला हवी. अर्ज भरताना ही ओळ मी सहज ओलांडून गेलो. खरी परीक्षा तिथेच होती.

आमच्या भागाची भाषा कोणती? १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. आरटीओचा कागद हिंदीत, रस्त्यावरचा फलक हिंदीत, आणि चुलीपुढचं बोलणं मराठीत. मी पुस्तकात वाचलेलंच शिकवायचो: "क्लच धीरे-धीरे छोडो." शिकणाऱ्याला शब्द कळायचे, पण हाताला कळायचे नाहीत. गाडी एक तर झटका खाऊन बंद पडायची, नाही तर उडी मारून निघायची. हिंदी आम्हाला सगळ्यांना येते. पण घाबरलेल्या माणसाला घरातलीच भाषा ऐकू येते.

शिवाय जे अंगात मुरलेलं असतं ते सांगता येत नाही. विमान उडवणारे राइट बंधू मूळचे सायकलवाले. विल्बर राइट यांनी कितीतरी सायकलस्वारांना विचारलं होतं, डावीकडे वळताना तुम्ही काय करता? जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, हँडल डावीकडे फिरवतो. प्रत्यक्षात आपण आधी हँडल किंचित उजवीकडे ढकलतो, त्यानं सायकल डावीकडे झुकते आणि मग वळते. रोज हे करणाऱ्या माणसांना आपण हे करतो याचा पत्ता नव्हता. मोटारसायकलचंही वेग घेतल्यावर असंच आहे. बारा वर्षं मीही ते करत होतो आणि मलाही ते माहीत नव्हतं. शिकवायचं म्हटल्यावर मला माझ्याच हातांचा माग काढावा लागला. रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवत मी मोठ्यानं बोलायचो: आता कोणतं बोट हललं, आता गुडघा कुठे आहे, आता डोळे कुठे आहेत.

पहिला शब्द ताईंनीच दिला. दगडाच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी त्यांना गाडी चालू करून, पहिल्या गिअरमध्ये टाकून जागेवरच बसवलं. क्लच कुठे पकडते ती जागा सापडेना. मी विचारलं, "ताई, विहिरीतून पाणी काढता?" म्हणाल्या, "रोजचं आहे, भाऊ." "बादली खाली सोडता तवा ते पाण्याले टेकली हे कसं कळते? डोकावून पाहता?" त्या हसल्या. "दोराले कळते ना." मी म्हटलं, "मग हा दोर समजा. सोडा. बादली टेकली का थांबा."

त्यांची बोटं सुटू लागली आणि एका जागी आपोआप थांबली. इंजिनाचा आवाज थोडा जड झाला, गाडीचं नाक जरा उचललं आणि चाक वीतभर सरकलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "टेकली," त्या म्हणाल्या. आम्ही ती बादली त्या सकाळी पन्नास वेळा तरी सोडली आणि ओढली. त्यानंतर गाडीला झटका बसला नाही.

ब्रेकचा शब्द बाबांचा. बाबा गावातले गोऱ्हे वळणावर आणून द्यायचे. आधी मानेवर नुसतं जू, मग वखर, आणि अगदी शेवटी बंडी. कासरा हाती दिला की ते एकच सांगायचे: कासरा वढाचा नाई, धराचा. हिसका दिला तर बैल बिथरतो. बोटांत धरून हळूहळू ताण वाढवला तर तो समजून थांबतो. पुढचा ब्रेक म्हणजे असाच कासरा. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, ते चाक जमिनीत दाबलं जातं आणि पकड वाढते. थांबवण्याचं बरंचसं काम तेच करतं. पण वजन पुढे यायला क्षणभर वेळ द्यावा लागतो. एकदम हिसकलं तर वजन यायच्या आत चाक अडकतं आणि घसरतं. वाळूवर, मुरमावर किंवा हँडल वळलेलं असताना तर हा कासरा अगदी हलक्या हातानं. "पलटी खाते" ही भीती खोटी नाही. ती हिसक्याची भीती आहे, आणि लोकांनी ती ब्रेकच्या नावावर लावून टाकली.

थांबणं किती लांबचं असतं हे मी पायानं मोजायला लावतो. ताशी चाळीसच्या वेगानं गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. पोराला सांगतो, सोळा पावलं चाल. तो चालतो आणि मागे वळून पाहतो. मग म्हणतो, कुत्रं आडवं आलं हे तुला कळून तुझं बोट हलेपर्यंत एवढं अंतर गेलं. ब्रेक अजून लागायचाच आहे. कितीही वात्रट पोरगा असो, तिथे तो गप्प होतो.

तिसरी गोष्ट नजरेची, आणि ती मला सगळ्यांत उशिरा कळली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. एका काठावर सावरगाव, दुसऱ्या काठावर पांढुर्णा, आणि दोन्हीकडून एकमेकांवर गोट्यांचा मारा. दरवर्षी कितीतरी जण रक्तबंबाळ होतात. माणसं जिवानिशी गेल्याच्याही घटना आहेत. पात्रात उतरणाऱ्याला लहानपणापासून एकच सांगितलेलं असतं: गोट्यावरून नजर हलवायची नाही. ज्यानं गोटा पाहिला तो वाचला. हे शिक्षण आमच्या रक्तात आहे. "दगड पाहा" असं मी ताईंना ओरडलो तेव्हा माझ्या तोंडून नदीच बोलत होती.

गाडीवर मात्र हे बरोबर उलटं आहे. जिकडे नजर तिकडे डोकं, डोक्यामागे खांदे, खांद्यामागे हात. हातांना न सांगता हँडल तिकडे वळतं. खड्ड्याकडे टक लावणारा खड्ड्यात जातो, समोरून येणाऱ्या ट्रककडे पाहत राहणारा ट्रककडे सरकतो. दगड एकदा दिसला की पुरे. त्यानंतर डोळे त्याच्या बाजूच्या मोकळ्या वाटेवर गेले पाहिजेत. म्हणून मी आता धोक्याचं नाव घेत नाही. "दगड" म्हणत नाही, "डावी वाट" म्हणतो. "पडशील" म्हणत नाही, "लिंबाकडे पाहा" म्हणतो. पडीताच्या टोकाला एक लिंबाचं झाड आहे. परीक्षेतला आठचा आकडा मी त्या लिंबाच्या आधारानं शिकवतो: चाकाकडे बघाल तर पाय टेकेल, लिंबाकडे बघा, आठ आपोआप पडेल.

हे लिहिताना सोपं वाटतं, पण धोका दिसत असताना त्याचं नाव न घेणं फार अवघड आहे. जीव घशात येतो आणि जीभ तोच शब्द उचलते. तो शब्द गिळून मोकळ्या वाटेचा शब्द वेळेवर काढता आला, तेव्हा मला वाटलं की आता मी शिकवणारा झालो. प्रमाणपत्र त्याच्या बरंच आधी मिळालं होतं.

शिकाऊ परवान्याचे तीस दिवस भरले, ताई परीक्षा देऊन आल्या. मग एका सकाळी लसीकरणाच्या दिवशी त्या पहिल्यांदा एकट्या निघणार होत्या. हेल्मेटचा पट्टा लावला, पाठीला बॅग अडकवली. मी पडीताच्या कडेला उभा होतो. बादली टेकली, गाडी सरकली, दुसरा गिअर पडला. पुढे रस्त्याच्या वळणावर, बंडीतून सांडलेले असावेत, तीन-चार गोटे पडलेले होते. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी तो बाहेर येऊ दिला नाही. ताईंचं हेल्मेट किंचित डावीकडे वळलं, मग खांदे वळले, आणि गाडी गोट्यांच्या बाजूनं निघून गेली.

गोटे किती होते, हे मी परत येताना मोजलं. त्या जात असताना माझी नजर गोट्यांवर राहिलीच नव्हती. माझेही डोळे त्यांच्या पुढच्या रस्त्यावर होते.