बरे वाटणे आणि बरे होणे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी वीस वर्षे लेथ चालवला. त्या यंत्राचा आवाज कानात इतका मुरला होता, की बेअरिंगमध्ये किंचित खरखर आली तरी माझा हात आपोआप बटणाकडे जाई. ‘चालेल अजून चार दिवस’ म्हणणाऱ्या नवख्या पोरांवर मी रागावत असे. त्याच माणसाने स्वतःचा खोकला मात्र दीड महिना कानाआड केला.

संध्याकाळी अंगात कणकण येई. रात्री घामाने उशी भिजे. कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला. तरी ‘हवा बदलली आहे, होईल बरे’ हे माझे उत्तर तयार असे. तालमीच्या गल्लीत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला आजारी पडणे हा उणेपणा वाटतो. त्या अडेलपणालाच मी आशावाद समजत होतो. अखेर एके रात्री पत्नी म्हणाली, “लेथ असा खोकला असता तर तुम्ही कवाच बंद केला असता की!” दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. थुंकीची तपासणी झाली, छातीचा फोटो निघाला. निदान होते क्षयाचे.

ते ऐकताच मला आजीच्या बोलण्यातली वानलेसवाडी आठवली. मिरजेजवळच्या तिथल्या आरोग्यधामात क्षयाचे रोगी राहत. आजीच्या लेखी तिकडे जाणे म्हणजे घरादाराचा निरोप घेणे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे आणला. पण त्यावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. तोपर्यंत रोग्याला मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच मुख्य आधार होता. डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्यावरची भीती ओळखली. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासाविषयी त्यांनी सांगितले. नियमित औषध घेणारे रोगी घरी राहूनही आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे होतात, हे त्या अभ्यासाने दाखवून दिले होते. मला घर सोडावे लागणार नव्हते. सहा महिने औषध घ्यायचे होते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन.

मग मी शरीराचे ऐकायला शिकू लागलो. लघवी तांबडी झाली तेव्हा घाबरलो नाही, कारण तो औषधाचा रंग हे आधीच कळले होते. मळमळ वाढली तेव्हा मात्र ती अंगावर न काढता डॉक्टरांना सांगितली. भूक लागेल तेव्हा थोडे थोडे खाल्ले. रंकाळ्यावर फिरायला जाई, तेव्हा प्रथम पहिल्या बाकापर्यंतच दम पुरे. तिथेच बसून पाण्याकडे पाहत राही. पंधरवड्याने दुसरे बाक गाठले. एके सकाळी चुलीवरच्या भाकरीचा वास आला आणि पोटात खरीखुरी भूक उसळली. त्या दिवशी पत्नीने डोळ्यांना पदर लावला.

खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात झाली. खोकला थांबला, ताप गेला, वजन चार किलोंनी वाढले. शरीर म्हणू लागले, ‘मी बरा आहे.’ मी त्याचेच तर ऐकायला शिकलो होतो! मग या गोळ्या कशाला? डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “तुम्हाला बरे वाटते आहे, तुम्ही अजून बरे व्हायचे आहात.” हे जंतू चिवट असतात. बहुतेक मेले तरी काही सुस्त पडून राहतात. औषध मध्येच सोडले तर तेच पुन्हा वाढतात, आणि मग नेहमीच्या औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो.

पटले, तरी हात कंटाळलेलाच होता. तो कंटाळा घालवला माझ्या चार वर्षांच्या लेकीने. माझ्या निदानानंतर घरातल्या सर्वांची तपासणी झाली होती. तिला रोग नव्हता. तो होऊ नये म्हणून तिलाही सहा महिने गोळी होती. तिचे काहीच दुखत नव्हते. तरी रोज सकाळी ती तोंड वाकडे करून आपली गोळी गिळे आणि दरडावून विचारी, “पप्पा, तुमची झाली काय?” माझ्या खोकल्यामुळे तिच्या वाट्याला आलेली ती गोळी पाहून मला मान खाली घालावी लागे. मी निमूटपणे माझी पुडी उघडत असे.

सहा महिने पूर्ण झाले. तपासणीत जंतू आढळला नाही. आज मी पुन्हा लेथवर उभा आहे. शरीर तक्रार करते तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा. ते गप्प होते तेव्हा थोडी वाट पाहावी, एवढे मला या आजाराने शिकवले. ‘काही होत नाही’ म्हणणारी आशा सोपी असते. रोज सकाळी एक पुडी उघडणारी आशा कष्टाची असते, आणि माझ्या घराला तारले ते तिनेच.