शारजाचा चेक

आमच्या गल्लीत आखाताचा पैसा यायचा तो ड्राफ्टच्या रूपाने. माणूस तिकडे एक्स्चेंजच्या खिडकीत दिरहॅम किंवा रियाल मोजून द्यायचा. मग मुंबईच्या एखाद्या बँकेवरचा रुपयांतला ड्राफ्ट हाती पडायचा आणि रजिस्टर पोस्टाने किंवा सुटीवर येणाऱ्याच्या बॅगेतून घरी पोचायचा. बायका त्यालाच चेक म्हणायच्या. ‘चेक आला का?’ हा प्रश्न महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नळावर हमखास निघायचा. ड्राफ्टचे पैसे आधीच भरलेले असतात, म्हणून तो सहसा परत येत नाही. चेक म्हणजे नुसता शब्द दिलेला असतो. त्यामागे पैसे आहेत की नाहीत ते बँकेत टाकल्यावरच कळते. हा फरक आम्हा भावंडांना आमच्या भाईजानच्या नोकरीने शिकवला.

आमची चिखली इंद्रायणीकाठची. वारकरी तिला टाळगाव चिखली म्हणतात आणि तुकोबांच्या टाळाशी तिचे नाते सांगतात. १९९७ साली ती पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याच्या आधीपासून कारखान्यांमागे माणसे येत होती आणि माणसांमागे भंगार. कुदळवाडीच्या शेडमधून लोखंड तोडणारे, जोडणारे, वितळवणारे बहुतेक आपलेच लोक असायचे, सोलापूर-लातूरकडचे आणि उत्तरेकडचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या शेडवर बुलडोझर फिरले, पण तो विषय मोठा आहे, इथे मावणार नाही. भाईजान याच पट्ट्यात वेल्डर झाले. २००७ मध्ये त्यांचा कारखाना बंद पडला आणि ते शारजाला फॅब्रिकेशन यार्डात गेले.

ते गेल्यावर काही महिन्यांनी, २००८ मध्ये, बंद कारखान्याने कामगारांचा हिशेब दिला. भाईजानच्या नावे चेक आला. अम्मीचे म्हणणे, ज्याच्या घामाचा कागद आहे तो त्याच्या हातात पडला पाहिजे. तिने तो रजिस्टरने शारजाला धाडला. भाईजान तो घेऊन तिथल्या बँकेत गेले. काउंटरवर केरळचा मुलगा होता. तो म्हणाला, ‘हा आमच्याकडे परदेशी चेक होतो.’ रुपयांतला, पिंपरीच्या बँकेचा चेक शारजात परदेशी! तो कलेक्शनला पाठवावा लागेल, म्हणजे पाकिटात घालून इंडियात, तिथून ज्या बँकेचा आहे तिच्याकडे, आणि पैसे आले तर उलट वाटेने परत. दोन्हीकडच्या बँका आपापला खर्च कापणार. शिवाय तो चेक एका लहान सहकारी बँकेवरचा, आणि तिचे नाव त्यांच्या यादीतच नव्हते.

याच्यात एक गंमत आहे. आमच्या दादाजानच्या काळात हाच रुपया शारजात परदेशी नव्हता. आखातातल्या कित्येक शेखांच्या मुलखात हिंदुस्थानचाच रुपया चाले. सोन्याच्या चोरट्या व्यापारात रुपये बाहेर जाऊ लागले, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेतने आपला दिनार आणला, १९६५ मध्ये बहारीनने. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरला पावणेपाचच्या आसपास रुपये पडत ते एकदम साडेसात झाले. त्यानंतर दुबई-शारजानेही रुपया सोडला. ज्या बाजारात एके काळी आमच्या रुपयाने भाकरी मिळत होती, तिथे भाईजान रुपयांचा चेक घेऊन काउंटरवर उभे होते आणि तो मुलगा बिचारा अदबीने मान हलवत होता.

त्या वेळी चेक सहा महिने चालायचा. १ एप्रिल २०१२ पासून ती मुदत तीन महिन्यांवर आली. म्हणून घाई होती, पण मार्ग साधा निघाला. रत्नागिरीचे एक गृहस्थ सुटीवर येत होते, त्यांच्याबरोबर चेक परत आला. दुसऱ्याच्या खात्यात चेक भरायला तो माणूस स्वतः हजर लागत नाही. मागे खाते नंबर लिहायचा, स्लिप भरायची, पेटीत टाकायचे. भाभींनी ते केले. पण बँकेतल्या एका बाईंनी त्यांना बाजूला बोलावून विचारले, ‘तुमचे मिस्टर बाहेर असतात ना? मग हे साधे बचत खाते चालणार नाही.’ परदेशी राहायला गेलेल्याने आपले इथले खाते एनआरओ करून घ्यायचे असते. इथला पैसा, म्हणजे हिशेब, भाडे, शेताचा वाटा, त्यात जमा होतो. तिकडची कमाई ठेवायला एनआरई खाते वेगळे. आमच्या मोहल्ल्यात वर्षानुवर्षे माणसे सौदीला जाऊन आली, ही गोष्ट कुणी कुणाला सांगितली नव्हती. त्या बाईंनी सांगितली. फॉर्म शारजाला गेला, सही होऊन आला, आणि चेक वटला. भाभी दहावी झालेल्या. तेव्हापासून घरातली बँक त्यांच्याकडे गेली ती गेलीच.

खरी परीक्षा २०२० ची. कोविडमध्ये यार्ड ओस पडले, व्हिसा रद्द झाला, आणि भाईजान जुलैत ‘वंदे भारत’च्या विमानाने परतले. तिकडच्या कायद्याने नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षाचा एकवीस दिवसांचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला तीस दिवसांचा. भाईजानची तेरा वर्षे आणि मूळ पगार पंधराशे दिरहॅम. भाभींनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले: एकशे पाच दिवस अधिक दोनशे चाळीस, एकूण तीनशे पंचेचाळीस, दिवसाला पन्नास, सतरा हजार अडीचशे दिरहॅम. दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. त्या हिशेबाने तेव्हा त्याचे वीस रुपयांच्या आसपास मिळत. म्हणजे साडेतीन लाखांच्या जवळपास रक्कम. कंपनीने ती दिलीही, पण दोन महिने पुढची तारीख घातलेल्या चेकने. तारीख येण्याआधीच विमान होते. तेरा वर्षांची मिळकत भाईजाननी पासपोर्टात घालून चिखलीत आणली.

आता दिरहॅमचा चेक चिखलीत परदेशी झाला होता. जवळच्या शाखेत म्हणाले, डॉलर-पौंडाचा असता तर बघितले असते, दिरहॅमचा आम्ही घेत नाही. पुण्यातल्या एका मोठ्या शाखेत म्हणाले, कलेक्शनला पाठवू, पण किती आठवडे लागतील सांगता येणार नाही, दर ज्या दिवशी पैसे येतील त्या दिवसाचा, आणि चेक न वटता आला तर दोन्हीकडचा खर्च तुमचा. बोलणे सरळ होते, राग यावा असे त्यात काही नव्हते. पण दोन महिने तांदळाच्या डब्यामागे ठेवलेल्या त्या कागदाकडे बघत आमची रात्र सरत नव्हती. भाचीची फी थांबली होती, घराचा हप्ता थकला होता.

याच सुमारास ओळखीतला एकजण आला. म्हणाला, चेक मला द्या, तिकडे आमची माणसे आहेत, दिरहॅमला पंधरा रुपये आजच्या आज घरपोच. हुंडीवाला, आणखी कोण? त्याला लगेच शिव्या देणे सोपे आहे. पण खरे सांगायचे तर आमच्या कितीतरी घरांत पैसा याच वाटेने आला आहे, कारण बँकेची खिडकी दूर होती आणि हा दारात यायचा. हवाला हा शब्दसुद्धा फिकहमधला. एकाचे देणे दुसऱ्याच्या जबाबदारीवर सोपवणे, एवढाच त्याचा अर्थ, आणि शरियतला तो व्यवहार मान्य आहे. अरबीत लेखी हमीला सक्क म्हणतात. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या दक्षिण टोकाला, औदाघुस्तमधल्या एका व्यापाऱ्याच्या नावे बेचाळीस हजार दिनारांचा सक्क पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. इंग्रजीतला चेक या सक्कवरूनच आला असे काही लोक सांगतात. भाषेचे जाणकार सगळेच ते मानत नाहीत. ते काहीही असो, वाळवंट ओलांडून कागदावर पैसा चालवण्याची रीत आपल्या लोकांना हजार वर्षे ठाऊक होती. फक्त आजच्या कायद्यात बँकेबाहेरचा असा परदेशी व्यवहार बेकायदा आहे, आणि दर तर सरळसरळ लुटीचा होता.

भाईजान डगमगले होते. भाभी पडद्याआडून नव्हे, समोर येऊन बोलल्या. ‘पैसे येतील, पण ही तेरा वर्षं कुठून आली ते उद्या कुणाला दाखवणार?’ तो २०२० चा काळ होता. कागद दाखवा, कागद दाखवा, हेच मागचा सबंध हिवाळा कानांवर पडत होते. खोक्यातून शाळेचे दाखले, सातबारे, आजोबांचे रेशनकार्ड काढून घरोघर फायली लावल्या गेल्या होत्या. अशा वेळी नाव नसलेली नोटांची चळत घरात घेणे भाभींना पटत नव्हते. वर आळंदी-देहूचा हवाला देऊन शेजारचे काका म्हणाले, तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, तुम्ही एवढा जीव कशाला टाकता? सांगतात की तुकोबांनी आपल्या वाट्याचीच बुडवली, भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली. लोकांकडचे येणे सोडणारा तो मोठा माणूस. आमचे येणे वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भाजलेल्या हातांचे होते, ते सोडायची आमची छाती नव्हती.

तोड भाईजानच्या जुन्या खोलीवाल्याने काढली. भाईजानचे तिथले खाते अजून बंद झाले नव्हते. मग परदेशी चेक इथे कशाला भरता, तिथेच भरा, तिथे तो देशीच आहे! कुरियरने चेक पुन्हा शारजाला गेला. खोलीवाल्याने मशिनमध्ये टाकला आणि पावतीचा फोटो पाठवला. चार दिवसांनी चेक परत आला, खात्यात पैसे कमी. तेव्हा तिकडे चेक न वटणे हा गुन्हा होता. २ जानेवारी २०२२ पासून पैसे कमी असल्याने परतलेल्या चेकला फौजदारीतून बरेचसे वगळले गेले. २०२० मध्ये मात्र ती भीती शिल्लक होती, म्हणून मालक नमला. खोलीवाला बँकेचा मेमो घेऊन ऑफिसात गेला, त्यांनी दहा दिवसांनी पुन्हा टाका म्हटले, आणि दुसऱ्या खेपेस वटला.

पैसे तिथल्या खात्यातून इकडे पाठवायचे तर ओटीपी शारजाच्या नंबरवर. भाईजाननी ते सिम जुन्या मोबाईलमध्ये जपून ठेवले होते, रोमिंगवर. घरात रेंज नाही, म्हणून रात्री अकरा वाजता सगळे गच्चीवर. ओटीपी यायचा तो मुदत संपल्यावर. तिसऱ्यांदा वेळेत आला.

तरी संपले नव्हते. रक्कम भाभींच्या खात्यावर येऊन अडकली. शेख हा शब्द इंग्रजीत कसा लिहायचा? पासबुकावर एस-एच-ए-आय-के-एच, एक्स्चेंजच्या कागदावर एस-एच-ई-आय-के-एच. शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, पासपोर्टात शेवटी. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे एम-ओ-एच-डी एवढेच. अरबीत तीन अक्षरांचा शब्द, पण रोमन लिपीत तो आमच्या एकाच घरात चार माणसे होऊन बसला आहे. स्टॅम्प पेपरवर ‘वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र दिले, तेव्हा कुठे पैसे मोकळे झाले.

भाईजान आता चाकणला एका शॉपमध्ये जातात. न वटलेल्या चेकचा मेमो, वटल्याची नोंद आणि ते प्रतिज्ञापत्र भाभींनी फाईलमध्ये लावून ठेवले आहे. भाचीचा पासपोर्ट काढायचा आहे. शेख पासबुकातल्यासारखा लिहायचा की भाईजानच्या पासपोर्टातल्यासारखा, यावर गेले दोन जुम्मे घरात वाद चालू आहे. फॉर्म अजून भरलेला नाही.